शाळेतली मुले कुठे गेली?

सन २०५८च्या जानेवारीत सावरेबंदरच्या शाळेत बातमी आली, की जूनपासून शाळा बंद होणार. त्या इमारतीत वृद्धांसाठी दिवसभराचे सेवाकेंद्र निघणार होते आणि मुलांना तालुक्याच्या वसतिगृहात राहून शिकावे लागणार होते.

सहावीतल्या शाल्मलीला वसतिगृहात जायचे नव्हतेच. पण त्याहून एक कोडे तिला छळू लागले. तिचे आजोबा, म्हणजे आबा, सांगत की त्यांच्या लहानपणी याच शाळेत एका बाकावर चौघे दाटीवाटीने बसत. खाडीकाठचे हे गाव आजही ओस पडलेले नव्हते. माणसे जवळजवळ तेव्हाइतकीच होती. मग शाळा रिकामी कशी झाली?

आबा पूर्वी फेरीबोटीचे इंजिन सांभाळत. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. टेकू नावाचा यंत्रमानव त्यांना उचलून खुर्चीत बसवी, पण भरवणे, व्यायाम घेणे, त्यांच्याशी बोलणे हे सगळे आईच करी. बाबा जहाजावर असत. त्यामुळे आईने सौरनौका (उन्हावर चालणाऱ्या होड्या) बांधणाऱ्या कारखान्यातली नोकरी सोडली होती.

शाल्मली आपले कोडे घेऊन शेजारच्या कुमुदआजींकडे गेली. डॉ. कुमुद पेडणेकर लोकसंख्याशास्त्रज्ञ (माणसांची संख्या, त्यांची वये आणि त्यांत होणारे बदल अभ्यासणाऱ्या) होत्या. त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. ग्रामसभा शाळेच्या मैदानावरच भरणार होती. तिथे सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच हे कोडे सोडवू, असे त्या म्हणाल्या.

ग्रामसभेला शिक्षण खात्याच्या अधिकारी राऊळबाई आल्या होत्या. कुमुदआजींनी शाल्मलीकडून मैदानावर फक्कीच्या तीन लांब रेघा आखून घेतल्या. पहिल्या रेघेवर लहान मुले, दुसरीवर कमावत्या वयाची माणसे आणि तिसरीवर साठीच्या पुढची, असे सगळ्यांना उभे केले. पहिली रेघ जवळजवळ मोकळी राहिली. तिसरीवर मात्र दाटी झाली.

“आता समजा, आपण साठ वर्षं मागे गेलो,” कुमुदआजी म्हणाल्या. “तेव्हा तुम्ही जिथे असता, तिथे जाऊन उभे राहा.”

मुले आणि कमावती माणसे तेव्हा जन्मलीच नव्हती, म्हणून ती बाजूला झाली. तिसऱ्या रेघेवरची बहुतेक मंडळी काठ्या टेकत, हसत पहिल्या रेघेकडे निघाली. टेकूने आबांची खुर्चीही तिथे आणली. पाहता पाहता मुलांची रेघ भरून गेली.

शाल्मली बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, “शाळेतली मुलं कुठे गेलीच नाहीत. ती म्हातारी झाली.”

कुमुदआजींनी मान हलवली आणि पुढचे समजावले. औषधोपचार सुधारले, तसे सरासरी आयुर्मान (माणूस साधारणपणे किती वर्षे जगतो ते) वाढले. घरोघरी कमी मुले होऊ लागली, म्हणजे जन्मदर घटला. यातले काहीच वाईट नाही. पण शाळा, दवाखाने, म्हातारपणाचे निवृत्तिवेतन (पेन्शन) हे सारे मुख्यतः कमावत्या माणसांच्या करातून चालते. कमावत्या माणसांमागे त्यांच्यावर विसंबलेली माणसे किती, याला अवलंबन-प्रमाण म्हणतात. पूर्वी विसंबलेल्यांत मुले जास्त होती, आता वृद्ध जास्त आहेत. म्हणून सरकारला खर्च इकडून तिकडे वळवावा लागतो.

शाळा बंद करताना आपल्यालाही वाईट वाटते, पण दोन इमारती चालवणे परवडत नाही, असे राऊळबाईंनी मोकळेपणाने सांगितले. यंत्रमानव वाढवावेत, असे कुणीतरी सुचवले. त्यावर कुमुदआजी म्हणाल्या, की यंत्रमानव ओझे उचलतो आणि ती मोठी मदत आहे, पण माणसाची सगळी काळजी एकट्या यंत्रावर टाकता येत नाही.

एव्हाना सगळे आपापल्या रेघेवर परतले होते. शाल्मली आईसमोर जाऊन उभी राहिली.

“आई, तू कमावत्यांच्या रेघेवर उभी आहेस. पण तू कमावतेस कुठे?”

“जायचं मनात आहे गं,” आई म्हणाली, “पण आबांजवळ कोण बसणार?”

शाल्मली राऊळबाईंकडे वळली. “केंद्र हवंच. आबांना तिथे नीट सांभाळलं, तर आई कामावर जाईल. अशा आणखी किती जणी इथे असतील. पण त्यासाठी आम्हाला गावाबाहेर कशाला काढता? दोन खोल्या आम्हाला ठेवा, बाकीच्या त्यांना द्या.”

दुसऱ्या रेघेवर कितीतरी बायकांचे हात वर झाले.

राऊळबाई म्हणाल्या, की शाळा एका खात्याकडे, वृद्ध दुसऱ्या खात्याकडे. दोन्ही एका छपराखाली आणायला नियमच नाही. शिवाय इतक्या थोड्या मुलांना एकाहून जास्त शिक्षक देता येणार नाही.

तेव्हा आबा अडखळत बोलले. “इंजिन... मी शिकवीन.”

राऊळबाईंनी कसलेच वचन दिले नाही. मग शाल्मली, आई आणि कुमुदआजींनी जिल्ह्याच्या कार्यालयात खेटे घातले. एका खात्याने नाही म्हटले, की त्या दुसऱ्याकडे जात. राऊळबाईंनीही वर शब्द टाकला. अखेर मे महिन्यात शाळा आणि केंद्र एकाच इमारतीत चालवण्याच्या एका वर्षाच्या प्रयोगाला परवानगी मिळाली. वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना रीतसर प्रशिक्षण आणि पगार ठरला, त्यामुळे शहरात निघालेली काही तरुण मंडळी गावातच थांबली.

सुरुवात सोपी नव्हती. मुलांच्या गोंगाटाने वृद्ध वैतागत. आबा तर दोनदा रुसून घरी आले. मग एके दिवशी त्यांनी जुने इंजिन मागवले. डाव्या हाताने ते दाखवत गेले आणि मुले त्यांचा उजवा हात झाली. संध्याकाळी टेकू न्यायला आला, तर आबा उठायला तयार होईनात. आई कारखान्यात परतली होती.

दिवाळीनंतर खाडीपलीकडच्या गावातून बोलावणे आले. तिथलीही शाळा बंद होणार होती, म्हणून शाल्मली आणि कुमुदआजी तिकडे निघाल्या. नौकेत शाल्मलीने कुमुदआजींना विचारले, की मी म्हातारी होईन तेव्हा काय असेल?

“तेव्हाचे नियम तुझ्याच पिढीची माणसं करतील,” कुमुदआजी म्हणाल्या. “आतापासून विचाराला लाग.”

पलीकडच्या धक्क्यावर माणसे वाट पाहत होती. बहुतेकांचे केस पांढरे होते. शाल्मलीने उतरता उतरताच विचारले, “तुमच्याकडची मुलं कुठे आहेत? आधी त्यांना बोलवा, मग रेघा आखू.”