अंबरपेठची बारा मिनिटं

१९९८ साली खासगी कंपन्यांनी अख्खं हैदराबाद उकरून ठेवलं होतं. नागसेनच्या कंपनीनंही नामपल्लीहून अंबरपेठमार्गे विद्यानगरपर्यंत काचेच्या तंतूची केबल पुरली. तिच्यात प्रकाश सोडायचा, परत येणाऱ्या प्रकाशातला गोंधळ गाळायचा आणि पडद्यावर साफ रेघ आणायची, हे काम नागसेनचं. तिथला सीनियर इंजिनिअर तो.

त्याचे वडील तातेराव टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. पण सुंभ जळला तरी पीळ कुठला जायला! "पोराची केबल हाय. कुणी कुदळ घातली म्हंजे?" असं म्हणत रोज पहिल्या बसनं नामपल्ली गाठायचे आणि केबलीवरून चालत निघायचे. खुणेचा दगड आला, की काठीचे तीन ठोके. वाटेत अंबरपेठला घरी चहा, मग पुढं विद्यानगर.

वरचा हादरा आतल्या प्रकाशाला कळतो. त्यामुळे विद्यानगरला बसल्या जागी नागसेनला रेघेवर तीन टोकं उठलेली दिसायची, दगडामागून दगड पुढं सरकायची. घराशी बारा मिनिटं थांबायची. "म्हातारा चहा पितोय," तो स्वतःशीच हसायचा. फार बरं वाटायचं त्याला.

ऑगस्टात तातेराव झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, काठी बुद्धाच्या तसबिरीखाली कोपऱ्यात उभी राहिली आणि नागसेन कामावर आला.

सात चाळीसला नामपल्लीच्या पहिल्या दगडापाशी तीन टोकं उठली.

त्यानं यंत्र बदललं, जोड तपासले. टोकं त्याच सावकाश चालीनं अंबरपेठला आली आणि थांबली. त्यानं घड्याळ लावलं. बारा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सहकारी सुधीरला दगडापाशी उभं केलं. पडद्यावर टोकं उठली.

"कोण आहे तिथं?"

"कोणीच नै, सर," वॉकीटॉकीवर सुधीर म्हणाला. "काय झालं?"

नागसेन रोज सातलाच येऊन बसू लागला.

महिन्याभरानं मॅनेजर हर्षवर्धन पडद्यापाशी आले. "उद्या लाइन गिऱ्हाइकाला दाखवायची. ही किरकिर काढून टाक."

"राहू द्या ना, सर."

"राहू द्या? अरे मियाँ, काँट्रॅक्ट जाईल हातचं!"

नागसेननं फिल्टर लिहिला. त्या ठोक्यांची चाल ओळखून तेवढीच पुसणारा. बापाची चाल त्याच्याइतकी कुणाला पाठ होती? लिहिताना त्याला रडू आलं.

सकाळी सात चाळीसला रेघ साफ राहिली. अंबरपेठलाही साफ. हर्षवर्धननी पाठ थोपटली.

संध्याकाळी घरी आला, तर आई, विमलाबाई, उंबऱ्यात बसलेली. पुढ्यात दोन कप. एक रिकामा, दुसरा भरलेला, साय धरलेला.

"माय, कुणी येणार होतं?"

"तुझे बाबा. रोज येतात की."

त्यानं तसबिरीखाली पाहिलं. काठी नव्हती.

"पहाटे निघाले, पण चहाला आलेच नाहीत," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "नागू, तू काही बोललास का रे त्यांना?"