पपईच्या फोटोतलं अंजीर

आखातातल्या अल ऐनच्या नर्सरीत प्रसन्न शिरला तो आत्यासाठी तुळस घ्यायला; आणि दहाव्या मिनिटाला विचारत होता, "थंड हवेत अंजीर पिकवायचं असेल तर... काय करायचं?"

नर्सरी सांभाळणाऱ्या शर्वाणीने वर पाहिलं. ती सासवडची, अंजिराच्या बागेत वाढलेली. कंपनी त्याला फेब्रुवारीअखेर एडिंबराला पाठवणार होती. तिथल्या घरामागे म्हणे अंजीर होतं, पण फळ काही केल्या पिकत नव्हतं. त्याने फोटोही दाखवला. झाड पपईचं होतं! मागे अरबी पाटीसुद्धा दिसत होती. हसू दाबताना तिची पुरेवाट झाली.

"भिंतीला ऊन लागतं का?" तिने गंभीरपणे विचारलं.

"ते... बघून सांगतो. पुढच्या शनिवारी?"

असे सात शनिवार झाले. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आपल्या घरून सव्वाशे किलोमीटर गाडी हाकत तो यायचा. ती थोडंच सांगायची, बाकीचं राखून ठेवायची. मुळं कोंडायला लहान कुंडी एका शनिवारी, शेंडा खुडणं दुसऱ्या. तिचा जीव त्याच्यात पार गुंतला होता, आणि फेब्रुवारी संपत आला होता.

सोमवारी त्याचं विमान होतं.

"आता शेवटचं," ती म्हणाली. "ऑक्टोबरात हिरवी राहिलेली मोठी फळं तोडून टाकायची. शेंड्याजवळची वाटाण्याएवढी तेवढी ठेवायची. ती हिवाळा काढतात, पुढच्या उन्हाळ्यात पिकतात."

"मोठी तोडायची? जिवावर येईल हो."

"येणारच. खलास, संपलं सगळं."

चहा निवत होता. त्याने आपला कप खाली ठेवला.

"शर्वाणी... तिथे झाड नाहीये. थर्ड फ्लोअरचा फ्लॅट आहे."

"माहितीये. फोटोत पपई होती."

तो कानापर्यंत लाल झाला. "मग सात वीक्स इतकं सीरियसली का शिकवलंत?"

"एकाच दिवशी सगळं सांगितलं असतं, तर तुम्ही परत कशाला आला असता?"

बोलून गेली खरी, आणि लगेच हातातला कप विसळायला उठली. त्याने तो हळूच काढून घेतला.

"मी तुझ्यासाठीच येत होतो," तो म्हणाला. "आणि आता जायची वेळ आली, तर..."

"तर जा. तिथे खरं झाड घे, बाल्कनीत उन्हाच्या बाजूला ठेव. पान नीट बघून घे हं!"

"आणि ऑक्टोबरात? मला नाही तोडवणार ती."

"तू नको तोडूस," शर्वाणी म्हणाली. "तोवर मी येते."