ठोंब्याची काच

ऊन भरपूर, खाणं भरपूर, तरी ठोंब्याचं वजन घटत चाललं होतं. ठोंब्या म्हणजे रुंजी बोरकुटेचं कासव. मागच्या दिवाळीपर्यंत स्वारी गाजरावर तुटून पडायची. आता पाला नाकाशी धरला तरी मान आत. पाठीवर बोट ठेवलं की कवच किंचित दबायचं आणि रुंजी बोट चटकन मागे घ्यायची.

त्यांचं चंद्रपूर आता काचेच्या छताखाली होतं. उन्हाळ्यात बाहेर डांबर वितळायचं, म्हणून सगळं शहरच झाकून घेतलेलं. ती काच शोधली रुंजीच्या मंदाआत्यानं, आणि घरात तिचा तोरा काय विचारता! उजेड आत येतो आणि भाजणारं ऊन बाहेर राहतं, हे तिनं येईल त्या पाहुण्याला ऐकवलं होतं.

दवाखान्यातल्या यंत्रमानवानं ठोंब्याला तपासलं. हाडं ठिसूळ होत आहेत, म्हणाला. कॅल्शियम (हाडं घट्ट करणारा चुना) द्या आणि उन्हात ठेवा. रुंजीनं सांगितलं, दोन्ही चालूच आहे. त्यानं ठोंब्याच्या जागेवरचा उजेड मोजून पाहिला. तो भरपूर भरला.

"मग मला कारण कळत नाही," यंत्रमानव म्हणाला. "पण असंच चाललं तर तो वाचणार नाही."

एवढ्या हुशार यंत्रालाही कारण सापडत नाही म्हटल्यावर रुंजीला रडूच कोसळलं.

त्या रविवारी आत्या जेवायला आली होती. आईनं नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या हातावर एकेक पिवळी गोळी ठेवली. छताखालचा प्रत्येक माणूस रविवारी ही गोळी घ्यायचा, आणि का घेतो हे कोणी विचारत नसे. रुंजी मात्र आज ती तळहातावर घेऊन बसून राहिली.

"आत्या, आपण ही गोळी काहून घेतो?"

"ड जीवनसत्त्वाची आहे ती. आधी उन्हातूनच मिळायचं. पण छत झालं आणि..."

आत्याचा घास हातातच राहिला.

"ठोंब्याला कोणी दिली गोळी?" रुंजीनं हळूच विचारलं.

आत्यानं ताट बाजूला सारलं आणि तिला समजावून सांगितलं. उन्हात नुसता उजेड नसतो. डोळ्यांना दिसतात ते रंग असतात, अंगाला लागते ती ऊब असते, आणि शिवाय अतिनील किरण (जांभळ्या रंगाच्याही पलीकडचे, आपल्याला न दिसणारे) असतात. ते जास्त झाले तर कातडी भाजते, म्हणून आत्याच्या काचेनं ते अडवले. पण तेच थोडेसे अंगावर पडले, की कातडीतला एक पदार्थ बदलतो आणि त्याचं ड जीवनसत्त्व बनतं. अंगातला त्याचा साठा हळूहळू संपला, की खाल्लेला चुना पोटातून रक्तात नीट शिरत नाही. मग शरीर हाडांतलाच चुना काढून वापरतं. आणि कासवाचं कवच म्हणजे हाडच. पाठीचा कणा आणि रुंद झालेल्या फासळ्या एकमेकांना जुळून ते बनतं.

रुंजी थक्क झाली. म्हणजे ठोंब्या स्वतःच्याच फासळ्यांच्या घरात राहतो, आणि ते घर बांधायला सूर्याची मदत लागते!

"पंधरा कोटी किलोमीटर येतो तो किरण, आठ मिनिटांत," आत्या म्हणाली, "आणि माझ्या बोटभर काचेपाशी अडतो." तिचा आवाज खाली आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी ठोंब्याला टोपलीत घालून शहराच्या दाराबाहेर गेल्या. हिवाळा होता, ऊन कोवळं होतं, पण लोकांना बाहेर जायची सवयच उरली नसल्यामुळे पहारेकरी बघतच राहिला. त्या रोज जात राहिल्या. यंत्रमानवानंही आता ड जीवनसत्त्वाचं औषध दिलं. इकडे आत्या प्रयोगशाळेत खटपट करत होती, आणि होळीच्या आत तिनं रुंजीच्या अंगणावरचं एक तावदान उतरवून तिथं स्फटिकाचं बसवलं. त्यातून अतिनील किरण आत येत. दुपारी मात्र त्याच्यावर पडदा ओढायचा, हे तिनं बजावून सांगितलं.

अंगणात उन्हाचा एक चौकोन पडला. इतर उजेडाहून वेगळा काही दिसत नव्हता. ठोंब्या त्यात जाऊन बसला, चारी पाय पसरले, मान लांब केली आणि रुंजीच्या हातातलं गाजर कचकन तोडलं.

रुंजीनं त्याच्या पाठीवर बोट दाबलं. कवच दबलं नाही.

तिनं वर पाहिलं. आठ मिनिटांपूर्वी, ती स्वयंपाकघरात गाजर धूत होती तेव्हा, हे ऊन सूर्यावरून निघालं होतं. तिनं बाही वर सारली आणि ठोंब्याशेजारी आपलाही हात त्या चौकोनात ठेवला. आत्या दारात उभी राहून छताच्या बाकीच्या तावदानांकडे बघत होती.