अकरा मिनिटं गप्प

“लूम चालू असताना एकही फोटो घ्यायचा नाही. सगळं थरथरतं, चित्र पुसट येतं.”

मेघालीबाईंनी शाळेत बजावलेलं रीमाला पाठ होतं. म्हणूनच तिने आणि सिदराने धाग्याचे फोटो घ्यायला शुक्रवार निवडला. शुक्रवारी निजामपुऱ्यातले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात.

आणि शुक्रवार होता म्हणूनच कारखान्याची राखण करणारे राघोकाका साफसफाई उरकून, मेन स्विच पाडून, शटरला कुलूप लावून निघून गेले होते.

“मी सांगितलं होतं त्यांना, आम्ही मागच्या लूमपाशी बसतोय म्हणून,” रीमा म्हणाली.

“ते फोनवर होते. त्यापेक्षा लूमला सांगायचंस.”

मे महिन्यातला पत्रा डोक्यावर तापत होता. अर्धा तास शटर बडवून दोघींचे तळहात लाल झाले होते. बाहेरून दोनदा स्कूटर गेली, कुणी थांबलं नाही. पाण्याची बाटली रिकामी, फोन दोघींकडेही नाही. सिदराचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

“रीमा, मला गरगरतंय.”

रीमाने तिला खाली बसवलं. समोर लूमवर त्यांचा मायक्रोस्कोप होता. चपलेच्या खोक्याएवढा, सुट्टीत स्वतः जोडलेला. कॅमेरा, लेन्स, मोटर, सगळे सुटे ठोकळे. मायक्रोकंट्रोलर मोटर फिरवून लेन्स किंचित सरकवायचा, कीबोर्ड-पडदा नसलेला छोटा कॉम्प्युटर फोटो काढायचा, तो फोटो आधीच्या फोटोंना जोडायचा आणि सिदराच्या घरच्या वायफायवरून तिच्या भावाला, यहयाला पाठवायचा. घर मागच्या भिंतीपलीकडेच होतं, पण हाक तिकडे पोचत नव्हती.

“यहयाला फोटो जातात ना? मग धाग्याऐवजी चिठ्ठी ठेवू.”

“लेन्सला तिळाएवढंच दिसतं.”

“साठ तीळ जोडले की नखाएवढं होतं. तेवढ्यात लिही. तुझं अक्षर बारीक आहे.”

सिदराने सूत गुंडाळायच्या कागदी कोनाचा तुकडा फाडला आणि पेन्सिलीने लिहिलं : अडकलो.

पॉवरबँकचा एकच दिवा उरला होता. साठ फोटोंना अकरा मिनिटं लागणार होती.

मोटर कुरकुरली. तेवढ्यात गल्लीत पावलं वाजली. सिदरा शटरकडे झेपावली. रीमाने तिचा हात धरला.

“बडवलंस तर सगळं हलेल. चित्र फुकट जाईल.”

“आणि तो माणूस गेला तर?”

“आधीचेही गेलेच ना.”

पावलं जवळ आली, शटरसमोरून पुढे गेली. सिदरा ओठ दाबून रडत होती, पण हलली नाही. मोटरचा आवाज तेवढा येत राहिला.

दिवा विझला.

“झालं होतं का पूर्ण?”

“माहीत नाही.”

दोघी एकमेकींचे घामट हात धरून बसून राहिल्या. किती वेळ, कोण जाणे. मग कुलूप खडखडलं, शटर वर गेलं आणि उजेडात यहया, त्याची अम्मी अतिया आणि घामाघूम राघोकाका दिसले.

“नुसतं ‘अडक’ आलं,” यहया धापा टाकत म्हणाला. “पण इतकं घाणेरडं अक्षर आपल्या घरातलंच. राघोकाकांना जेवणावरून उठवून आणलं.”

सिदराने त्याला चापट मारली, मग त्याच्याच खांद्यावर डोकं टेकलं.

अतियाने दोघींना पाणी पाजलं. “मोठी माणसंसुद्धा बडवत बसली असती. तुम्ही डोकं शांत ठेवलंत. शाबास गं पोरींनो.”

राघोकाका उंबऱ्यावरच बसले होते. “चुकी माझी हाय. मला वाटलं, आत कोन न्हाय. आजपास्नं आत फिरून, हाक मारून मगच शटर ओढीन. शबूद हाय माझा.”

ते बोलले आणि हातातल्या चाव्यांच्या जुडग्याकडे बघत राहिले. सकाळी शेजारचे आणखी दोन कारखाने त्यांनीच बंद केले होते.

ते उठले. पुढच्या शटरपाशी गेले, आत हाक मारली आणि चावी शोधू लागले.