कोपऱ्यातलं ‘मं’

हवालदार सावळारामांचा फोन आला तेव्हा फौजदार अश्विनी शिळीमकर आईच्या कमरेला मलम चोळत होती.

“मॅडम, भाटघरला पाण्यात बॉडी घावलीया. अमृत हाय. त्या मशिनीच्या दवाखान्यातला.”

अश्विनीचा हात थांबला. भोरच्या कर्करोग संशोधन केंद्रात अमृत मशीन चालवायचा. शिरेतून किरणोत्सारी औषध टोचायचं, ते हाडांत मुरलं की मशीनखाली झोपवून सगळ्या सांगाड्याचा फोटो काढायचा, हे त्याचं काम. तिच्या आईला, सरोजबाईंना, दोन्ही वेळा त्यानंच झोपवलं होतं.

पहिल्या फोटोत आईच्या हाडांवर काळे डाग होते. मग डॉक्टर नीरजा देवस्थळींनी शोधलेली नवी इंजेक्शनं झाली आणि सहा महिन्यांपूर्वीच्या दुसऱ्या फोटोत हाडं स्वच्छ निघाली. औषधं बंद झाली. आईनं सगळ्या आळीला पेढे वाटले होते.

“जा तू,” सरोजबाई म्हणाल्या. “थंडीनं धरलीय कंबर. व्हईल कमी.”

धरणाच्या काठावर अमृत उताणा पडला होता. पायात बूट, खिशात कंगवा, खिशाला चिमटा लावून अडकवलेला प्लास्टिकचा छोटा बिल्ला. सदऱ्याच्या आतल्या बाजूला दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला एक फोटो निघाला. पांढऱ्यावर काळा सांगाडा. वर नाव छापलेलं : बनाबाई, दुसरी तपासणी. खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं एकच अक्षर आणि प्रश्नचिन्ह. मं?

“दारू पिऊन पडला आसंल,” सावळाराम म्हणाले.

“वास येतोय?”

“न्हाई.”

“पोहता येत होतं?”

“ह्याच पान्यात वाढलेला गडी तो, मॅडम.” त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. “मं म्हंजी मंगळवार का?”

फोटोवरची तारीख गुरुवारची होती.

बनाबाईचा मुलगा गेनू वेल्ह्याकडच्या वाडीतून दुपारच्या आत ठाण्यात हजर झाला. अमृतला धमकी दिल्याचं सगळ्या वाडीला ठाऊक होतं, त्यामुळे त्यानं लपवण्याचा खटाटोप केला नाही.

“दिली व्हती धमकी. जित्ता सोडनार न्हाई म्हनलो.”

“का?”

“माज्या आईला हाडं साफ झाली म्हनून सांगितलं त्यानी. चार म्हयन्यात वरडून वरडून मेली ती. कूस बदलाया गेलं तरी हाड मोडायचं. शेवटी आमी तिला हात लावायचं बंद केलं, मॅडम. पोटच्या पोरानं आईला हात लावू ने, आसली येळ.” त्यानं बाहीनं डोळे पुसले. “बा गेला तवा म्या पाचवीत. तिनं एकटीनं वाढवला मला.”

“मग अमृत भेटला?”

“दहाव्याला आला. म्हनला, तिचा फोटू पुन्यांदा बगतो. परवा फोन आला त्याचा. म्हनला, यिऊन दाखवतो तुला कायतरी. आलाच न्हाई.”

हाडं साफ झाली, हेच शब्द तिच्या आईलाही सांगितले होते. तिनं विचार झटकला. बनाबाईचं काही चुकलं असेल, सगळ्यांचं कसं चुकेल?

केंद्राच्या दारातच डॉक्टर नीरजा भेटल्या. रडून डोळे सुजले होते. भोरची मुलगी, अठरा वर्षं मुंबईत याच विषयात घासून परत आलेली. या इंजेक्शनावर त्यांची सगळी कारकीर्द उभी होती आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीत त्यांचा सत्कार ठरला होता.

“आई कशी आहे गं?” त्यांनी आधी हेच विचारलं.

“बरी आहे. काल अमृत कधी निघाला, मॅडम?”

“पाचला. माझ्यासमोर बिल्ला खुंटीला अडकवला, येतो म्हणाला आणि एसटी गाठायला पळाला.”

“तुम्ही?”

“सातपर्यंत इथेच, माझ्या खोलीत. एकटीच होते.”

“हे ‘मं’ म्हणजे काय?”

नीरजांनी फोटो पाहिला. “मंगल असेल. आमची सफाईवाली. बायकांना कपडे बदलायला तीच मदत करते.”

फोटो वाचायचं काम वयस्कर डॉक्टर आनंद गुप्त्यांचं. माणूस तिरसट. केंद्राचे मुख्य तेच, पण रुग्णाचं तोंड पाहत नसत, फक्त फोटो पाहत.

“स्वच्छ आहे,” ते गुरकावले. “मीच सही केलीय.”

“छातीच्या मधोमध हे दोन फिके ठिपके?”

“धातू. गळ्यात काहीतरी राहिलं. किरण सोन्यात अडकतात, तेवढी जागा फिकी दिसते. शंभरदा सांगितलं अमृतला, सगळं काढायला लावत जा. बायका ऐकत नाहीत, आणि हा गावचा, याला लाज वाटते. मग कोपऱ्यात खूण करून ठेवतो, म्हणजे मी त्याला आजार समजू नये.”

अश्विनी ठिपक्यांकडे पाहत राहिली.

“आणि हा बिल्ला कशाचा?” तिनं पुराव्याच्या पिशवीतला अमृतचा बिल्ला दाखवला.

“अंगावर किती किरण पडले ते मोजायचा. काम संपलं की खुंटीला. घरी न्यायचा नाही, हा नियम. अमृत एक वेळ जेवण विसरेल, हे नाही.”

मंगल मागच्या व्हरांड्यात फरशी पुसत होती. वाकली की गळ्यातल्या दोन वाट्या पुढं लोंबत होत्या.

“तुला कधी मशीनखाली झोपवलंय?”

“व्हय की. सात येळा. म्याडम आदी सुई देत्यात, मंग झोपवत्यात. मशिन बरुबर चालतंय का बगायला. त्या दिशी दुपारी सुट्टी.”

“अमृत असायचा तेव्हा?”

“न्हाई. तो सुट्टीवर आसंल तवाच.”

“काल काय झालं?”

“चारच्या सुमाराला त्याच्या हातनं सुई फुटली. समदं औषद प्यांटीवर सांडलं. धुवाया निगाला, तर म्याडमनी हाक मारली, तसाच गेला. मंग मला म्हनल्या, तू जा घरी.”

अश्विनी गुप्त्यांकडे परत गेली. काल सांडलेलं औषध आज सापडेल का, एवढंच तिनं विचारलं आणि म्हातारा कपाटातून किरण मोजायचं यंत्र घेऊन उठला.

चार वाजता सगळे केंद्राच्या आवारात उभे होते. गुप्त्यांनी आधी स्वतःची गाडी तपासली. यंत्र गप्प होतं. मग नीरजांच्या पांढऱ्या गाडीचं डावीकडचं दार उघडलं. सीटजवळ नेताच यंत्र टकटक करू लागलं.

“हे औषध दर सहा तासांनी निम्मं होतं,” गुप्ते म्हणाले. “चोवीस तासांनी सोळावा हिस्सा उरतो. पण उरतो, नीरजा.”

“पाचला एसटीनं गेला म्हणालात,” अश्विनी बोलू लागली. “बिल्ला खुंटीला लावला म्हणालात. बिल्ला त्याच्या खिशाला होता. म्हणजे काम संपायच्या आत तो निघाला, औषध सांडलेल्या पँटनिशी, तुमच्या गाडीतून. गेनूकडे जाऊ, खरं सांगून टाकू, असंच तुम्ही त्याला सांगितलं असणार. नसरापूरवरून वेल्ह्याला जायचं म्हणजे वाटेत भाटघर. पोहणाऱ्या माणसाला बुडवायचं तर आधी गुंगी हवी. काय पाजलंत ते पुण्याची प्रयोगशाळा सांगेल.”

“कशासाठी मारेन मी त्याला?”

“या अक्षरासाठी. मं म्हणजे मंगळवार नाही, मंगलही नाही. ज्या बाईनं मंगळसूत्र काढलं नाही, तिच्या फोटोवर अमृत ‘मं’ लिहायचा. दहाव्यानंतर बनाबाईचा फोटो पुन्हा बघताना त्याला दोन वाट्या दिसल्या आणि सवयीनं हात गेला. मग त्यानं प्रश्नचिन्ह काढलं. बनाबाईचा नवरा गेनू पाचवीत असताना वारला. तिच्या गळ्यात वाट्या कुठल्या? फोटो मंगलचा आहे. तुम्ही तिला सुया टोचून निरोगी हाडं मिळवलीत आणि मरणाऱ्या बाईच्या नावावर चढवलीत.”

मंगलनं दोन्ही हातांनी वाट्या घट्ट धरल्या.

नीरजांच्या चेहऱ्यावरचं रडू कधीच पुसलं गेलं होतं. “बावीसपैकी पंधरा जणींना गुण आला. पंधरा! सात जणींसाठी अठरा वर्षं पाण्यात घालू? त्या तशाही मरणारच होत्या.”

“औषध चालू राहिलं असतं तर वेदना कमी झाल्या असत्या,” गुप्ते म्हणाले. “आणि मी सह्या केल्या.”

सात जणी. मंगलही सात वेळा म्हणाली होती. अश्विनी आत गेली. कपाटातून तिनं ‘सरोज’ नावाची फाईल काढली. दुसरी तपासणी. स्वच्छ हाडं आणि छातीच्या मधोमध दोन फिके ठिपके. तिचे वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती.

बाहेर आली तेव्हा सावळारामांनी नीरजांना जीपमध्ये बसवलं होतं. जाळीमागून त्या शांतपणे म्हणाल्या, “तुझी आई सहा महिने आनंदात राहिली, अश्विनी. खरं सांगितलं असतं तर तेही मिळालं नसतं.”

अश्विनीनं हात उगारला. तो तसाच हवेत राहिला, कारण खिशातला मोबाईल वाजला.

“अश्वे, येताना मलमाची टूब आन गं,” आई म्हणत होती. “कंबर लई धरलीया. आता मांडीपतोर कळ जातीया. आन् त्या दवाखान्यात हायस न्हवं तू? नीरजा म्याडम भेटल्या तर माजा नमस्कार सांग. त्यांच्यामुळं जित्ती हाय मी.”

जाळीपलीकडून नीरजा तिच्याकडेच बघत होत्या.

“सांगते, आई,” अश्विनी म्हणाली.