उन्हाशी उभं वैर

“एवढं लख्ख ऊन पडलंय आणि तू पडदे ओढून बसलीस? पाप लागेल!”

असं म्हणत त्या उंच मुलानं सरळ पडद्यालाच हात घातला.

“हात काढ!” मी अशी किंचाळले की तो जागीच थिजला.

त्याचा दोष नव्हता म्हणा. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, आमच्या ट्रोम्सोत, ऐन हिवाळ्यात सूर्य तोंड दाखवत नाही आणि जूनमध्ये मावळायचं नाव घेत नाही. अशा दिवसांत घरात बसणं म्हणजे आमच्याकडे गुन्हाच! तो एलिफ. हॉस्पिटलात आजोबांना भेटायला आला आणि खोली चुकला.

“मला औषध टोचलंय,” मी म्हटलं. “त्याच्यावर उजेड पडला की ते पेटतं. आत्ता ऊन लागलं तर मी भाजून निघेन.”

“म्हणजे तू ट्रोल आहेस! उन्हात दगड होणारी राक्षसीण!”

“हो. आणि चावतेसुद्धा.”

तो हसला... आणि पळून जायचं सोडून खुर्ची ओढून बसला!

मग मी सगळं सांगून टाकलं. माझ्या जिभेवर कॅन्सरची गाठ आहे. औषध अंगभर फिरतं. बाकीचं शरीर ते हळूहळू सोडून देतं. गाठ मात्र हावरट, घट्ट धरून ठेवते. चार दिवसांनी तिच्यावर लाल लेसर टाकायचा, की तिचाच हावरटपणा तिला जाळणार. नाहीच जळली, तर जिभेचा तुकडा कापणार.

“म्हणून इथे लपलीयेस?”

“लपलेय? हट्! दबा धरून बसलेय.”

दुसऱ्या दिवशी तो धक्क्यावरून उकडलेली कोळंबी घेऊन आला. मिणमिणत्या दिव्यात आम्ही ती सोलत होतो. बोटांना समुद्राचा वास आणि मधूनच — चुकून हं! — त्याच्या बोटांचा स्पर्श.

“मुद्दाम करतोयस.”

“अंधारात दिसत नाही गं.”

“कोळंबी बरी दिसते!”

आमच्याकडे ‘तू मला आवडतोस’ हे भावाला, मित्राला, कुत्र्यालासुद्धा म्हणतात. पण ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’? ते बाबांनी आईला एकदाच म्हटलंय म्हणे, तेही बोट बुडताना.

लेसरच्या सकाळी मला चाकांच्या खुर्चीत बसवून डोक्यावरून पांघरूण घातलं. त्याच्या आतूनच मी ओरडले, “एलिफ, माझं तुझ्यावर प्रेम आहे!”

खुर्चीशेजारून चालणारा एलिफ कुजबुजला,

“अगं... हळू...”

“घाबरून म्हणत नाहीये. जीभ माझी आहे. तिनं काय बोलायचं ते मी ठरवणार. त्या गाठीला विचारून नाही.”

पांघरुणाखाली एक हात आला आणि माझा हात घट्ट धरून राहिला.

लेसरनंतर तोंड असं सुजलं की पाणीसुद्धा नळीनं. नेमकी हीच वेळ साधून तो माझ्या कानाशी वाकला — “माझंही तुझ्यावर... तेच. मोठंवालं.” लबाड! मी उलट बोलू शकत नव्हते ना. उशी मात्र फेकता येत होती. फेकली.

खपली पडायला कित्येक आठवडे गेले. मग पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी माझी जीभ उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, “गाठ गेली. बोल बघू काहीतरी.”

मी सुरू झाले. शाळा, पाऊस, हॉस्पिटलचं पांचट सूप, एलिफचे लाल झालेले कान...

“डॉक्टर,” एलिफ कळवळून म्हणाला, “आता ही थांबायची नाही!”

“नाहीच थांबणार,” मी म्हटलं, आणि पुढे बोलतच राहिले.