वॉरिकच्या आवाजामागे

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी स्वतः रेडिओपाशी बसले होते. माझ्या कानांनी ऐकलंय.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. जानेवारीतली भर दुपार होती; आमच्याकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. पिलिगाच्या जंगलाकाठी आमच्या ग्लायडिंग क्लबचं मैदान, पत्र्याची शेड आणि अंगाची लाही करणारं ऊन.

ग्लायडरला इंजिन नसतं. वर चढणारी गरम हवा शोधायची आणि तिच्यात घिरट्या घालत उंची कमवायची. आपण चढतोय की खाली चाललोय, ते व्हेरिओमीटर सांगतो. माझा नवरा वॉरिक जुन्या काट्यावाला. त्याला ना बॅटरी, ना आवाज. त्याचा जिवलग दोस्त बर्नी इलेक्ट्रॉनिकवाला. चढायला लागलं की पीप-पीप, हवा जोरदार असली की आणखी घाईघाईने.

दोघं आयुष्यभर त्यावरून भांडले.

"अरे, डोळे बाहेर ठेव आणि कानांनी उड!" बर्नी म्हणायचा.

"तुझं ते कोंबडीचं पिल्लू तुलाच लखलाभ. बॅटरी मेली की तूही मेलास."

बॅटरी नाही मेली. बर्नीच गेला, हिवाळ्यात, झोपेत. जाताना आपलं यंत्र वॉरिकच्या नावावर ठेवून गेला. वॉरिक ढसाढसा रडला, पण यंत्र काही बसवलं नाही. ते आमच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये पडून होतं. बॅटरीशिवाय.

त्या दुपारी रेडिओ खरखरला.

"नोएलिन, जंगलावर आहे. उंची फार नाही राहिली. काटा खालीच आहे."

आणि त्याच्या आवाजामागे...

पीप... पीप... पीप...

पायलटने बोलायला बटण दाबलं की कॉकपिटमधलं सगळं आम्हाला ऐकू येतं. त्यात नवल नाही.

पण वॉरिकच्या कॉकपिटमध्ये वाजणारं काही नव्हतंच.

"गुपचूप बर्नीचं यंत्र बसवलंस की काय?"

"डोकं फिरलंय का तुझं?" तो हसला.

मागे पीप-पीप जरा जलद झालं.



"वॉरिक, हॅनलनच्या शेतात उतर. गहू कापून झालाय, रान मोकळं आहे. मी ट्रेलर घेऊन येते."

"हो, तिथवर आरामात पोचतो. चहा पण आण..."

मग तो थांबला.

"अगं... आता मलाही ऐकू येतंय."

"ऐकू नकोस!"

"डावीकडून येतंय. बर्नीला हवा सापडलीय गं."

"काटा काय म्हणतोय? वॉरिक, काटा बघ!"

"काटा खाली आहे." तो इतका खुशीत होता, की मला रडू फुटलं. "पण काटा नेहमी उशिराच सांगतो. बर्नी खरं बोलत होता."

जन्मभर ज्याचं ऐकलं नाही, त्याचं त्याने त्या दिवशी ऐकलं.

तो जंगलाकडे वळला.

पीप-पीप-पीप-पीप...

मी हाका मारत राहिले. वॉरिक बोलला नाही. पीप-पीप मात्र चालूच होतं. वर वर चढत गेलं... बारीक होत गेलं... मग काहीच नाही.

संध्याकाळी तो झाडांत सापडला. सगळे नको म्हणत असताना मी गेले. ग्लायडरचा चुराडा झाला होता. पण काटा...

काटा पार वरच्या टोकाला अडकला होता. पूर्ण चढणीवर.

तपासणीवाले म्हणाले, आपटल्यामुळे झालं असेल. असेल बाबा. ड्रॉवरमधलं यंत्र मी वॉरिकबरोबरच पुरलं.

अजूनही दर शनिवारी रेडिओवर मीच बसते. हल्ली सगळ्यांकडे इलेक्ट्रॉनिकच असतं. प्रत्येकाच्या बोलण्यामागे पीप-पीप ऐकू आलं, की मी विचारते, "ते तुझंच वाजतंय ना?" मंडळी हसतात. म्हातारीला वेड लागलंय म्हणतात. म्हणू देत.

परवा आमच्या क्लबातली इंग्रिड जंगलावर होती. मागे पीप-पीप. मी विचारलं.

"माझं? ते तर मघाशीच बंद पडलं. बॅटरी मेली."

मी किंचाळून, शिव्या घालून तिला हॅनलनच्या शेतात उतरवलं. वाचली पोरगी. अजून माझ्यावर चिडून आहे.

तिला मी एक गोष्ट सांगितलेली नाही.

तिच्या आवाजामागे त्या दिवशी एक यंत्र वाजत नव्हतं...

दोन वाजत होती.